तक्रारीची कवायत

ज्या माणसाला सरकारनं निदान एकदा तरी ‘नाही’ म्हटलेलं नाही, त्या माणसात माझ्या ताईच्या सासऱ्यांना काडीचाही रस नाही. लग्न असो, बारसं असो, कुणाचा दहावा असो, नाहीतर अंबरनाथ स्टेशनबाहेरची रिक्षाची रांग असो, नवी ओळख झाली की ते समोरच्याचं गाव विचारत नाहीत, पगार विचारत नाहीत, मुलीचं कुठे जमलं का तेही विचारत नाहीत. ते त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळतात, उभं राहण्याच्या ढबीवरून हा फौजेतला आहे की नाही ते ताडतात, आणि आहे असं वाटलं की थेट विचारतात, “रिजेक्ट झालंय का?” समोरचा हो म्हणाला की त्यांचा चेहरा असा खुलतो, की बघणाऱ्याला वाटावं दोघं एकाच आळीतले निघाले. माझ्या साखरपुड्यात त्यांनी मुलीकडच्या एका काकांना असंच गाठलं होतं. काका बिचारे भरल्या ताटावरून उठून आपल्या गुडघ्याची केस सांगायला म्हणून कोपऱ्यात जे गेले, ते सगळ्यांचं आइस्क्रीम खाऊन झाल्यावरच परतले. परतल्यावर माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, “स्थळ चांगलं आहे हो.” मला त्यांनी तोवर धड पाहिलंही नव्हतं.

हे सासरे मूळचे साताऱ्याकडचे. त्यांना सगळे आबा म्हणतात म्हणून मीही म्हणतो. ते मात्र इतक्या वर्षांनंतरही मला ‘पाव्हणं’च म्हणतात. फौजेत ते क्लार्क होते. बंदूक त्यांनी भरतीनंतर शिकताना हातात धरली तेवढीच, बाकीची सगळी नोकरी टाइपरायटरशी झुंजण्यात गेली आणि हवालदार म्हणून ते निवृत्त झाले. मुलाची नोकरी इकडची, म्हणून शिवमंदिराच्या पुढे एका बिनलिफ्टच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आले. आल्यावर त्यांनी निवृत्त माणसानं करायच्या सगळ्या गोष्टी करून बघितल्या, असं ताई सांगते. हास्यक्लबात गेले, तर तिथे हसायच्या आधी रांग सरळ करायला लागले. भजनी मंडळात गेले, तर टाळांची हजेरी घ्यायला लागले. शेवटी बदलापूरचा एक माजी सैनिक नाकारलेला अर्ज घेऊन त्यांच्याकडे आला, आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो त्यांनी फार लवकर टाकला, हे पुढे सगळ्यांना कळलं.

फौजेतून दुखण्यामुळे सुटणाऱ्या जवानाला डॉक्टरांच्या एका बोर्डासमोर उभं करतात. हे बोर्ड दोन गोष्टी ठरवतं: दुखणं नोकरीमुळे आलं की नाही, आणि माणूस किती टक्के निकामी झाला. नोकरीमुळे नाही असा शेरा पडला किंवा टक्के कमी भरले, की अपंगत्वाचं पेन्शन मिळत नाही. मग अपील करायचं, ते फेटाळलं की दुसरं करायचं, तेही फेटाळलं की लष्कराच्या लवादाकडे जायचं. ही सगळी अपिलं आबा फुकट लिहून देतात. नकाराच्या कागदावर एक ठरलेलं वाक्य असतं, ते आबांनी घरगुती वापरासाठी मराठीत करून ठेवलं आहे: ‘सदर विकार सेवेमुळे उद्भवलेला नाही, व सेवेमुळे बळावलेलाही नाही.’ आता त्यांना जगातली कुठलीही गोष्ट या वाक्याशिवाय दिसतच नाही. आमटीत मीठ जास्त झालं, तर ते एक घास घेऊन वाटी पुढे सारतात आणि म्हणतात, “सूनबाई, खारटपणा मुळात मिठाचाच. तो तुझ्यामुळं उद्भवला नाही. पण तुझ्यामुळं बळावलाय.” ताई आता तयार झाली आहे. ती म्हणते, “मग करा अपील.” सोसायटीच्या सभेत एकदा भिंतीतल्या ओलीचा विषय निघाला, तेव्हा ही ओल उद्भवली कुणाच्या मोरीत आणि बळावली कुणाच्या मोरीत यावर आबा इतका वेळ बोलले, की सेक्रेटरींनी हात टेकले आणि स्वतःच प्लंबर बोलावून आणला.

कागदांच्या बाबतीत तर त्यांच्याइतका खडूस माणूस शोधून सापडणार नाही. अंबरनाथमध्ये झेरॉक्सची इतकी दुकानं आहेत, पण आबा उल्हासनगरला एका सिंधी शेठकडे जातात, कारण तो कागद टाकण्याआधी मशीनची काच पुसतो. कागदावर काळी रेघ उठली की आबा सगळा गठ्ठा परत करतात. म्हणतात, “साहेब लोक केस वाचत नाहीत, रेघ बघतात.” शेठ वैतागून म्हणतो, “वडी साईं, तुम्हारा फौजी लोग कभी जीतता भी है, की खाली झेरॉक्स निकालता है?” त्यावर आबा गंभीरपणे सांगतात, “जीतता है. जिंदा रहा तो.” शेठला पहिल्यांदा हा विनोद वाटला होता. पुढे एकदा आबा एका केसची शेवटची प्रत न काढताच बाहेर पडले, कारण केसवाल्याच्या घरून तसा फोन आला होता, तेव्हापासून शेठ हसत नाही. तो मुकाट्यानं काच पुसतो.

पण आबांचा खरा शोध म्हणजे त्यांची कवायत. फौजी माणसाला बुडवतो तो डॉक्टर नव्हे, बोर्डही नव्हे, तर त्याची स्वतःची जीभ, असं त्यांचं ठाम मत आहे. फौजेत दुखणं सांगणारा म्हणजे कामचुकार. रोज हजेरीला साहेब विचारणार, “सब ठीक?” आणि रांगेतून उत्तर येणार, “ठीक है साब!” हे इतकी वर्षं घोटल्यावर ते माणसाच्या हाडात जातं. घरी ज्याला पायमोजा चढवायला बायको लागते, तो माणूस बोर्डासमोर गेला आणि खांद्यावरचे स्टार दिसले, की टाचा जुळवतो, छाती काढतो आणि खणखणीत सांगतो, “एकदम ठीक है साब!” साहेब तसं लिहून घेतात. त्यांचं तरी काय चुकलं? आबांनी बघितलं, की आपण दहा पानांचं अपील लिहावं आणि या गड्यांनी चार शब्दांत त्याची माती करावी. म्हणून त्यांनी दर रविवारी इमारतीच्या गच्चीवर तक्रार करायची कवायत सुरू केली.

ती बघायला आजूबाजूच्या गच्च्यांवर माणसं जमतात. वाळत घातलेल्या पापडांच्या आणि चादरींच्या मधून चार-सहा माजी सैनिक रांगेत उभे असतात आणि आबा ओरडत असतात, “छाती आत! आत म्हटलं ना! खांदे पाडा. आणखी पाडा. पोट कशाला ओढताय, पोट ओढलं की टक्के गेले! आता मोठ्यानं बोला, कुठं दुखतंय?” आणि ज्यांनी बर्फात पहारे केले, ते गडी दाखवायला आणलेल्या मुलीसारखे माना खाली घालून पायाच्या अंगठ्यानं गच्चीची फरशी उकरत असतात. बदलापूरचा एक ड्रायव्हर होता, त्याला आबांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “गुडघा ठीकच आहे आबा. फक्त वाकत नाही.” आबांनी कपाळावर हात मारून घेतला. या नाटकात बोर्डाचा अध्यक्ष मी. मी आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे, म्हणून माझ्याकडे पांढरा कोट आहे. आणि चष्मा नि पोट देवानं दिलेलं आहे. तेवढ्यावर आबांनी मला कर्नल केलं. पण मला ओरडता येत नाही. मी आपला चारचौघांसारखं विचारायचो, “काय होतंय तुम्हाला?” की आबा मागून खेकसायचे, “पाव्हणं, हे काय बोहल्यावरच्या मुलीला विचारताय होय? दरडावा! बोर्डात साहेब दरडावतो. त्यांना त्याचीच सवय पाहिजे.” मग मी घसा ताणून ओरडायचो, “क्या तकलीफ है?” आणि पलीकडच्या गच्चीवरची बाळं रडायला लागायची.

कुणाला वाटेल, हे सोंगं शिकवण्याचे धंदे. एक धट्टाकट्टा गृहस्थ तसंच समजून आला होता. त्यानं आबांना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “कुठलं दुखणं सांगितलं की टक्के चांगले भरतात?” आबांनी त्याची फाइल त्याच्या हातात दिली, त्याच्या चपला उचलून जिन्यात ठेवल्या आणि म्हणाले, “इथं खोटं शिकवत नाहीत. खरं बोलायची लाज असते ना माणसाला, तेवढीच आम्ही काढून देतो. तुला मुळात लाजच नाही, तुझी काय काढू?” त्या दिवशी उरलेली कवायत त्यांनी इतक्या रागानं घेतली, की दोघातिघांनी घाबरून भराभर आपापली दुखणी कबूल केली.

नाईकांना आबांकडे मी नेलं. नाईक हा त्यांचा फौजेतला हुद्दा, पण आमच्या कारखान्याच्या गेटवर सगळे त्यांना तीच हाक मारत. बुवापाड्यात राहायचे आणि ठेकेदारामार्फत आमच्याकडे वॉचमन होते. मालकाच्या गाडीला ठोकायचे तसाच कडक सॅल्यूट ते रसायनाच्या पिंपांच्या टेम्पोला ठोकायचे. एका सकाळी माझ्या स्कूटरला सॅल्यूट करायला त्यांनी हात वर नेला आणि त्यांचे पाय कुणी कापून घ्यावेत तसे ते खाली बसले. खाली पडल्यावरही हात कपाळालाच होता. मी धावलो, तर म्हणाले, “काही नाही साहेब, पाय घसरला.” जमीन कोरडी ठणठणीत होती. पुढे हे वरचेवर व्हायला लागलं आणि ठेकेदारानं गेटवर दुसरा माणूस उभा केला. घरी बायको आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. बायको उल्हासनगरातल्या जीन्सच्या कारखान्यांतून पँटींचे गठ्ठे आणून त्यांचे धागे कापायची. आता घर तेवढ्यावर आलं.

आबांना त्यांच्या तोंडून हकिगत काढायला कित्येक रविवार लागले. वर बर्फातल्या एका चौकीवर रॉकेलचा डबा पाठीवर घेऊन चढताना नाईक घसरले होते आणि कमरेत दगडावर आपटले होते. तपासायला डॉक्टर आले, तेव्हा नाईक ताठ उभे राहिले आणि म्हणाले, ठीक है साब. कारण त्यांना खाली पाठवलं असतं, तर त्यांच्या जागी जोडीदाराला थांबावं लागलं असतं, आणि जोडीदाराची रजा मंजूर होती, त्याला घरी जाऊन पहिलं बाळ बघायचं होतं. जोडीदार गेला, बाळ बघून आला. नाईकांची कंबर कुठेच नोंदली गेली नाही. पुढे ती कामातून गेली आणि नाईक फौजेतून सुटले, तेव्हा बोर्डानं नोंद मागितली. नोंद नव्हती. दोन्ही अपिलं त्यामुळेच फेटाळली गेली. आबांनी मात्र पिच्छा सोडला नाही. कुठून कुठून फोन लावून त्यांनी तो जोडीदार बिहारात शोधून काढला, त्याच्याकडून लिहून घेतलं आणि उल्हासनगरच्या एका तरुण वकिलाला धरून लवादापर्यंत गेले. दुखणं नोकरीतलंच, हे लवादानं मानलं. आता फक्त नव्या बोर्डासमोर जाऊन माणूस किती निकामी झाला आहे तेवढं ठरायचं होतं. म्हणजे आता सगळं नाईकांवर होतं.

गच्चीवर नाईकांची जेवढी तयारी आम्ही करून घेतली, तेवढी कुणाचीच घेतली नसेल. ते एक पाय ओढत सगळे जिने चढून यायचे आणि मदतीला कुणाला हात धरू द्यायचे नाहीत. मी ओरडायचो, “क्या तकलीफ है?” सुरुवातीला ते ‘ठीक है’च म्हणायचे. मग हळूहळू “कंबर, साब” म्हणायला लागले. मग “कंबर और पैर, साब.” शेवटी शेवटी तर मी कितीही आवाज चढवला, तरी ते खांदे पाडून नीट सगळं सांगायचे. आबा खूश होते. शिवमंदिराजवळच्या हलवायाला त्यांनी आगाऊच सांगून ठेवलं होतं, की चांगले पेढे लागतील.

बोर्डाच्या दिवशी भावजींच्या गाडीतून मी आणि आबा नाईकांना घेऊन गेलो. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो, नाईक आत गेले. थोड्याच वेळात ते बाहेर आले आणि त्यांचा चेहरा बघूनच आबा उभे राहिले. आत एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्या दरडावल्या नाहीत. नाईकांना बघून त्या खुर्चीतून अर्धवट उठल्या आणि फार मायेनं म्हणाल्या, “आइए दादा, बैठिए. कैसे हैं आप?” आणि नाईकांनी टाचा जुळवल्या, छाती काढली आणि सांगितलं, “एकदम ठीक, मॅडम!” त्यांनी पुन्हा विचारलं, चालून दाखवायला सांगितलं. नाईक त्या खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले. हे त्यांना कसं जमलं, ते त्यांनाही सांगता येईना. “इतकं चांगलं बोलल्या आबा त्या,” नाईक मान खाली घालून म्हणाले, “त्यांना कसं सांगायचं, दुखतंय म्हणून?” टक्के अर्थातच कमी भरले.

त्यानंतर घरात आमटीला नावं ठेवायची बंद झाली, तेव्हा ताई खरी घाबरली. मग एका सकाळी आबांनी पुन्हा लिहायला घेतलं. लवादाकडच्या नव्या अर्जात त्यांनी एक वाक्य घातलं होतं: ‘या माणसाला दुखणं लपवायला सेवेतच शिकवलेलं आहे, तेव्हा कंबर राहू द्या, निदान हे खोटं तरी सेवेमुळे उद्भवलं असं मान्य व्हावं.’ वकिलानं ते वाक्य खोडलं. आबांनी परत घातलं. वकील म्हणाला, “आबा, साहेब हसतील.” आबा म्हणाले, “हसू देत. हसायला तरी वाचावं लागेल.” हसले की नाही माहीत नाही, पण दुसऱ्या डॉक्टरांकडून पुन्हा तपासणी करावी, असा हुकूम आला. तोपर्यंत नाईकांच्या हातात काठी आली होती आणि या वेळी मदतीला घरचं माणूस आत नेण्याची परवानगी होती.

तो हुकूम घेऊन आबा आणि मी बुवापाड्याला गेलो, तेव्हा नाईक गल्लीच्या टोकाच्या विहारात गेले होते. ते तिथे जाण्याची वेळ आबांनी आधीच हेरून ठेवली होती, हे मला तिथे गेल्यावर कळलं. वहिनी जीन्सच्या ढिगापाशी बसून धागे कापत होत्या. आबा समोर जमिनीवर बसले.

“पोरी, तो आत गेला की पुन्हा ठीकच म्हणणार.”

“म्हणू द्या ना आबा,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “तेवढंच तर उरलंय त्यांच्याजवळ.”

“त्यावर पोरींच्या शाळा नाही व्हायच्या.”

त्यांनी हातातली पँट उलटी केली आणि पुढचा धागा कापला. मग म्हणाल्या, “तुम्हाला तरी त्यांनी कुठं सगळं सांगितलंय? मलापण नाही सांगत. त्यांचं लघवीवर ध्यान राहत नाही आता. मी चादर धुवायला काढते ना, तेव्हा मला कळतं. मी बोलत नाही, ते बोलत नाहीत. पोरींना सांगितलंय, की छत गळतं.”

आबांनी चष्मा काढला आणि तो हातात तसाच धरून ठेवला. “हे तिथं सांगशील?”

“त्यांच्यासमोर?”

“त्याच्यासमोरच सांगावं लागंल.”

“ते मला कधी माफ नाय करायचे, आबा.”

“नाही करायचा,” आबा म्हणाले. इतकंच म्हणाले. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, आणि त्याच क्षणी दप्तर भिंतीला टेकवून अभ्यास करणारी धाकटी मुलगी दिसली.

आत काय झालं, ते नंतर वहिनींनी ताईला सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, नाईक म्हणाले ठीक है साब, आणि वहिनी म्हणाल्या, “नाही साहेब, खोटं बोलतात.” मग त्यांनी सगळं सांगितलं. चादरीचं, मोरीपर्यंत सरपटत जाण्याचं, छप्पर गळतं असं मुलींना सांगितल्याचं. “मी बोलत होते तेव्हा ते समोरच्या भिंतीकडं बघत होते,” त्या ताईला म्हणाल्या. “एकदा जरी गप बस म्हटले असते ना, तर मी गप बसले असते.” आम्ही बाकावरून बघितलं ते एवढंच, की दार उघडलं, वहिनी तोंडाला पदर लावून बाहेर आल्या आणि मागून काठी टेकत नाईक आले. वहिनींनी हात पुढे केला होता. त्यांनी तो घेतला नाही. गाडीत ते पुढच्या सीटवर, वहिनींकडे पाठ करून बसले. उतरताना मला मात्र म्हणाले, “थँक्यू साहेब,” आणि त्या दोन शब्दांत मला बाहेर उभं करून आतून कडी लावल्यासारखं वाटलं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. आबा इतकी वर्षं ज्यासाठी भांडत होते ते सगळं मिळालं, मागचं धरून, आणि जन्मभरासाठी. आबांनी हलवायाकडून पेढे घेतले, मला कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढायला लावली आणि आम्ही बुवापाड्याला गेलो. भिंतीवर बुद्धांची तसबीर होती आणि तिच्या खाली नाईकांच्या पलटणीचा फोटो. फोटोच्या खालीच नाईक कॉटवर बसले होते. आजवर आबा दारात दिसले, की ते काठी नाही तर भिंत नाही तर मुलीचा खांदा, मिळेल त्याचा आधार घेऊन उठायचे. आबा हवालदार, हुद्द्यानं मोठे. आबा दर वेळी ओरडायचे, “अरे बस! किती वेळा सांगायचं, उठत जाऊ नको!” त्या दिवशी नाईक उठले नाहीत. टीव्ही बंद होता, तरी टीव्हीकडे बघत बसून राहिले. आबा पेढ्याचा पुडा हातात घेऊन दारातच थबकले. त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना.

वहिनींनी पुडा घेतला, पाणी आणलं. मुलींनी पेढे खाल्ले. आबा कॉटच्या कडेला टेकले आणि त्यांनी विचारलं, “कसं काय नाईक? कंबर कशी आहे?”

नाईकांनी मान वळवली नाही. शांतपणे म्हणाले, “हिला विचारा, आबा. माझं सगळं आता हीच सांगते.”

वहिनी आत गेल्या. भांड्याचा आवाज आला आणि थांबला. आम्ही आणखी थोडा वेळ बसलो आणि उठलो. परत येताना आबा शिवमंदिराजवळ नाल्याच्या कठड्यावर बसले. एरवी एक केस जिंकली की ते वाटेत भेटेल त्याला थांबवून हकिगत सांगतात. त्या दिवशी ओळखीचे दोन-तीन जण नमस्कार करून गेले, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“आबा, चूक नाही झाली आपली,” मी म्हणालो.

“चूक कुठं झाली,” ते म्हणाले. “दोन पोरी आहेत त्याला. करायलाच पाहिजे होतं. परत वेळ आली, तर परत करीन.” मग म्हणाले, “पण पाव्हणं, त्याच्या दारात आपण आपणहून आता नाही जायचं. त्याला वाटंल तेव्हा तो हाक मारंल.”

या गोष्टीला बरेच महिने झाले. मोठी मुलगी कॉलेजात जायला लागली, घरावर पक्का स्लॅब पडला, हे सगळं कानावर येतं. वहिनी ताईला बाजारात भेटतात, घरात आता जरा बोलणं होतं म्हणतात. आबांना हाक मात्र आलेली नाही. गच्चीवरची कवायत चालू आहे, नवे गडी येतात, आबा अजून ओरडतात, पण पूर्वीचं बळ नाही. नवा माणूस आला, की फाइल उघडायच्या आधी त्याला विचारतात, “घरी बायकोला सांगितलंयस का हे? नाही? मग आधी तिला सांगून ये. तू स्वतः सांग.” आणि मधेच जिन्यात कुणाचा तरी पाय ओढत चढण्याचा आवाज आला, की बोलता बोलता थांबतात आणि गच्चीच्या दाराकडे बघत राहतात. वर येणारा दुसराच कुणी तरी निघतो. नाईकांना आता जिना चढता येत नाही, हे त्या अर्जात आबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं आहे.